आधी उंची विचारा

रात्री साडेदहाला वन्संचा फोन. "वहिनी, ओंकारचं तिकीट रद्द करू का?" कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर खांद्यावर नळकांडं घेतलेल्या सैनिकाचा फोटो पाठवला होता, खाली 'आता प्रवासी विमानंही निशाण्यावर!' आणि लेकरू निघालंय वॉर्सॉला शिकायला, इस्तंबूलमार्गे. मी नोकरीची तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान कोणत्या वाटेनं, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाणार ते कागदावर मांडायचं आणि कॅप्टनबरोबर त्यावर सही करायची, हे काम. त्यामुळे असले फोन माझ्याकडेच येतात. वन्संना सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवलं की झालं.

अशी बातमी आली की देश कोणता हे नंतर बघा. आधी उंची शोधा. खांद्यावरून डागायचं क्षेपणास्त्र एका माणसाला उचलता येईल एवढंच असतं, आणि जे उचलता येतं त्यात इंधन ते किती मावणार? त्याची पोच ढोबळमानानं दहा-पंधरा हजार फूट धरा. आपलं विमान वाटेत तीस-चाळीस हजारांवर असतं. म्हणजे या हत्याराची भीती उडतानाच्या आणि उतरतानाच्या काही मिनिटांपुरती. केनियात मोम्बासाला 28 नोव्हेंबर 2002 रोजी इस्रायली बोइंग 757 वर दोन क्षेपणास्त्रं सुटली ती धावपट्टी सोडल्या सोडल्या. दोन्ही चुकली, 261 प्रवासी तेल अवीवला सुखरूप उतरले.

म्हणून तिकीट समोर घ्या आणि विमानाची चाकं जिथे जिथे जमिनीला टेकणार ती गावं कागदावर लिहा. मधला थांबाही लिहा, तोच लोक विसरतात. खांद्यावरच्या क्षेपणास्त्रासाठी तेवढीच गावं बघायची. तिथे किंवा आसपास लढाई चालू आहे का? नसेल तर फोटो पुसून टाका.

बातमीत उंची बहुधा मीटरमध्ये असते. दहानं गुणा, तीननं भागा, फूट मिळतात. ही सवय मला एका चुकीनं लागली, ती सांगतेच. 14 जून 2014 ला पूर्व युक्रेनमध्ये लुहान्स्कला उतरणारं लष्करी आयएल-76 पाडलं गेलं, 49 जण गेले. उतरताना पडलं, खांद्यावरचं क्षेपणास्त्र; हिशेब जुळत होता. बरोबर महिन्यानं, 14 जुलैला, त्याच भागात एएन-26 पडलं. बातमीत आकडा होता 6,500 मीटर. करा गणित: एकवीस हजार फुटांच्या वर. खांद्यावरचं तिथवर पोचत नाही, म्हणजे खाली आता गाडीवर बसवलेलं मोठं काहीतरी आलेलं होतं. युक्रेनचे अधिकारीही तेव्हा तेच म्हणत होते. मी ती बातमी चहा पिता पिता वाचली आणि पान उलटलं. लष्करी विमान, आपल्याला काय! युक्रेननं 32 हजार फुटांखालचं आकाश बंद केलं, वरचं उघडं ठेवलं. 17 जुलैला मलेशियाचं एमएच-17 तिथून 33 हजारांवरून जात होतं. तेही पाडलं गेलं, 298 माणसं गेली. त्या वेळी दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेलं आपलं एअर इंडियाचं विमानही त्याच आकाशात होतं. त्या संध्याकाळी मी ड्यूटीवर होते. त्यानंतर उंचीचा आकडा कधी वाचायचा सोडला नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवा: विमान कमी उंचीवर पडलं म्हणजे खांद्यावरचंच होतं असं नाही. तेहरानहून 8 जानेवारी 2020 ला उडालेलं युक्रेनचं विमान चढतानाच पाडलं गेलं, 176 जणांसह. ते इराणच्याच रिव्होल्युशनरी गार्ड्सचं, गाडीवरून डागायचं टोर क्षेपणास्त्र होतं. एकवीस हजारांवर खांद्यावरचं नाही, हे खात्रीनं सांगता येतं. आठ हजारांवर काहीही असू शकतं.

मोठ्या क्षेपणास्त्रांची बातमी असेल तर गावांची यादी पुरत नाही, वाट बघावी लागते. फ्लाइटरडारवर, म्हणजे विमानांच्या वाटा नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, आपल्या विमानाचा नंबर टाका आणि मागच्या काही दिवसांच्या रेषा बघा. दुसऱ्या कंपन्या एखाद्या देशाला वळसा घालतायत आणि आपली सरळ जातेय, असं दिसलं तर विचारायला जागा आहे. युरोपची विमान सुरक्षा संस्था इयासा युद्धक्षेत्रांबद्दलच्या सूचना उघड प्रसिद्ध करते, त्या कुणालाही वाचता येतात. नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचना, वाचायच्या फंदात मात्र पडू नका. ती आमची भाषा. नवख्याला धावपट्टीवरचा विझलेला दिवाही युद्ध वाटेल.

आणि कुठली सीट सुरक्षित हे मला विचारू नका. विमानात उष्णतेचा माग चुकवणारं यंत्र आहे का, हेही काउंटरवर विचारू नका. इस्रायलच्या एल अल कंपनीच्या विमानांवर, आपल्या पंतप्रधानांच्या 777 वर अशी सोय आहे. ओंकारच्या विमानात नसणार. क्षेपणास्त्र लागलं म्हणजे संपलंच असंही नसतं. बगदादला 22 नोव्हेंबर 2003 रोजी मालवाहू एअरबस ए-300 च्या डाव्या पंखाला लागलं, तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या. विमानातल्या तिघांनी नुसत्या इंजिनांची ताकद कमी-जास्त करत विमान वळवलं आणि त्याच विमानतळावर उतरवलं. तिघेही जगले. पण हे धीरासाठी सांगू नये. 1998 साली श्रीलंकेत जाफन्याहून उडालेल्या लायनएअरच्या विमानातल्या 55 जणांपैकी कुणी परतलं नाही.

तर ओंकार. गावं तीन: मुंबई, इस्तंबूल, वॉर्सॉ. तिन्हीकडे लढाई नाही. इस्तंबूल–वॉर्सॉ वाट युक्रेनच्या पश्चिमेकडून जाते. युक्रेनचं आकाश नागरी विमानांना 24 फेब्रुवारी 2022 पासून बंदच आहे. वन्संनी ज्या फोटोची धास्ती घेतली त्याचा इथे संबंधच नव्हता. बघण्यासारखा होता तो पहिला टप्पा, मुंबई–इस्तंबूल, तो इराण-इराकच्या बाजूनं जातो म्हणून. त्या नंबरच्या रेषा मी आठवडाभर रोज रात्री बघितल्या. काल वन्संना सांगितलं, "जाऊ दे त्याला. स्वेटर मात्र दोन जास्तीचे द्या."