पाण्याचं एटीएम घेण्याआधी ग्रामसभेत मांडायचा हिशेब

ग्रामपंचायतीत ‘आरओ प्लांट बसवू’ हा विषय निघाला की चर्चा थेट यंत्राच्या किमतीवर जाते. किंमत नंतर. आधी पाण्याचा तपासणी अहवाल हातात हवा. आरओ म्हणजे मेम्ब्रेन या बारीक गाळणपडद्यातून पाण्यात विरघळलेले क्षार काढणारं यंत्र; त्याचं पाणी चौकात पैसे घेऊन कॅनने दिलं की ते पाण्याचं एटीएम. आरओ ज्या दोषावरचा उपाय आहे तो दोष तुमच्या पाण्यात नसेल, तर प्लांट कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

नमुने दोन घ्यायचे. रासायनिक तपासणीसाठी 2 लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा आणि ती विसळू नका, कारण आतलं औषध क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी घातलेलं असतं. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटली थोडी रिकामी ठेवून भरा, बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत पोहोचवा. जैविक नमुना टाकीवरचा नको, नळयोजनेच्या शेवटच्या घरातला घ्या. टाकीवर शुद्ध असलेलं पाणी वाटेत बिघडतं ते तिथेच कळतं.

अहवालात पाच आकडे बघा. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस: लिटरमध्ये 500 मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. कठीणपणा: 200 आणि 600. फ्लोराइड: 1 आणि 1.5. नायट्रेट 45 च्या वर अजिबात नको. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, 100 मिलिलिटरमध्ये एकही नको.

फक्त ई-कोलाय निघाला असेल तर आरओचा विषय तिथेच थांबवा आणि टीसीएलकडे, म्हणजे ब्लीचिंग पावडरकडे, वळा. 33 टक्के क्लोरीनची चांगली पावडर 1000 लिटरला साधारण 2.5 ते 5 ग्रॅम लागते. 50,000 लिटरच्या टाकीला 125 ते 250 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं. शेवटच्या नळावर ओटी टेस्टमध्ये (थेंब टाकून रंगावरून क्लोरीन ओळखायची चाचणी) लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बहुधा पावडर जुनी असते (ओलसर खोलीत उघडी पडलेली पावडर क्लोरीन गमावते, 20 टक्क्यांखाली गेलेली वापरू नये) किंवा पाइप कुठेतरी गळत असतो. पाणी बंद झालं की त्याच गळक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. चौकात आरओ बसवून हा जोड दुरुस्त होत नाही. ज्या घराला रोज कॅनचे पैसे परवडत नाहीत ते घर नळाचंच पाणी पीत राहतं. म्हणून आमचं मत ठाम आहे: सार्वजनिक पैसा आधी नळाच्या पाण्यावर.

अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा फ्लोराइडच्या गावांत गोष्ट वेगळी. जवळपास गोडा स्रोत नसेल तर तिथे आरओ लागतोच. मग क्षमता मोजा. 400 कुटुंबं, प्रत्येकी 20 लिटरचा एक कॅन, म्हणजे दिवसाला 8000 लिटर. ताशी 1000 लिटरचा प्लांट 8 तास चालवावा लागेल. पण असे प्लांट साधारण निम्मं पाणी बाहेर टाकतात. 8000 लिटर पिण्याचं हवं तर 16,000 लिटर उपसावं लागेल. उन्हाळ्यात टँकर लागणाऱ्या गावाने हा आकडा आधी विचारात घ्यावा. टाकाऊ खारं पाणी विहिरीजवळ सोडलं तर तेच पुन्हा स्रोतात उतरतं. संडास आणि धुण्यासाठी त्याची वेगळी टाकी अंदाजपत्रकातच धरा.

आता महिन्याचा खर्च. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे घाला. चालकाचं मानधन 9000. रोज 18 युनिट, 8 रुपये दराने महिन्याला 4320. फिल्टर काडतुसं आणि रसायनं 2500. चार मेम्ब्रेन 60,000 चे, अडीच वर्षांत बदलायचे, म्हणून दरमहा 2000 बाजूला. एकूण 17,820. कॅन 5 रुपयांना असेल तर महिन्याला 3564, म्हणजे रोज सुमारे 119 कॅन विकले गेले तरच प्लांट स्वतःच्या पायावर उभा राहतो. पावसाळ्यात मागणी पडते, तेव्हाची तूट कोणत्या निधीतून भरणार हे आधीच ठरवा.

बंद पडलेल्या प्लांटमागे बहुतेकदा तीन कारणं असतात. क्षार जमू न देणारं रसायन संपतं आणि कोणी आणत नाही, मग मेम्ब्रेनवर खरवड चढते. कार्बन फिल्टर वेळेवर बदलत नाहीत, क्लोरीन पुढे जातं आणि मेम्ब्रेन कायमचा खराब होतो. वीजबिल थकून प्लांट महिनाभर बंद राहिला की आत शेवाळ आणि जंतू वाढतात. म्हणून निविदेत पाच वर्षांची देखभाल, मेम्ब्रेनसह, लिहून घ्या. ‘मोफत सर्व्हिस’ एवढंच लिहिलेलं असेल तर सुटे भाग गावाच्या माथी येतात.

मुद्दा ग्रामसभेत तोंडी मांडू नका. अहवाल आणि हिशेब जोडून ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधीच लेखी अर्ज द्या, तारखेची पोच घ्या, विषयपत्रिकेत विषय घालायला सांगा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा उघडून पाण्यासाठी किती रक्कम धरली आहे ते बघा. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 च्या निधीत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायचे, होते; त्यातले निम्मे पाण्यासाठी. ते कशावर खर्च झाले हेही विचारा. ठराव वाचून दाखवायला सांगा आणि रोजचे कॅन, देखभाल, तुटीचा निधी हे तिन्ही आकडे ठरावाच्या मजकुरातच लिहून घ्या. नक्कल मिळाली नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरा. उत्तराची मुदत 30 दिवस.