लहान उपग्रहांच्या रॉकेटवर प्रकल्प करताय? या चुका टाळा

नाशिकमध्ये विज्ञान प्रदर्शनांचे दिवस आले की एसएसएलव्ही या इस्रोच्या लहान उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचं मॉडेल करणारे दोन-तीन गट माझ्याकडे येतातच. पीव्हीसी पाइप सुबक रंगवलेला असतो, खऱ्या रॉकेटची उंची ३४ मीटर, वजन १२० टन हे पाठ असतं. पण परीक्षकांनी पुढचं विचारलं की मुलं ठरावीक जागीच अडतात.

पहिली जागा उंचीची. ‘रॉकेट ५०० किलोमीटर वर गेलं की उपग्रह फिरू लागतो’ असं तक्त्यावर लिहू नका. नुसतं वर नेलेलं खालीच येतं. फिरत राहायला आडवा वेग लागतो, सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. त्या वेगाने नाशिकहून मुंबई पंचवीस सेकंदांच्या आत येईल.

दुसरी चूक, घन इंधनाचे तीन टप्पे दाखवून थांबणं. घन इंधन एकदा पेटलं की ते हवं तेव्हा बंद करता येत नाही. म्हणून वर व्हीटीएम हा द्रव इंधनाचा छोटा भाग असतो, तो वेगाची शेवटची कसर भरून काढतो. मॉडेलमध्ये तो वेगळ्या रंगाने दाखवा. (खरं इंधन घरी मिसळायचा विचारही करू नका, पाण्याचं रॉकेट पुरेसं आहे.)

आता सर्वांत महत्त्वाचं. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणाबद्दल बहुतेक मुलं ‘सेन्सर बिघडला’ एवढंच लिहितात. सेन्सर बिघडला नव्हता. दुसरा टप्पा सुटताना इतकी कंपनं झाली की त्वरणमापकांचं (वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग क्षणभर कमाल मर्यादेला जाऊन अडकलं. संगणकाने त्यांना नादुरुस्त ठरवलं आणि रॉकेट आधीच ठरवून दिलेल्या आज्ञांवर पुढे गेलं. शेवटी वेग जेमतेम एक टक्का कमी पडला. ३५६ किलोमीटर उंचीच्या वर्तुळाऐवजी एका टोकाला ३५६ आणि दुसऱ्या टोकाला ७६ किलोमीटर उंचीची लंबगोल कक्षा मिळाली. ७६ किलोमीटरवर हवा असते, उपग्रह टिकत नाही. ७५ शाळांतल्या ७५० मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट हा उपग्रह असाच गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

हीच चूक आम्ही गंगापूर रोडच्या मैदानावर केली होती. पाण्याच्या रॉकेटमधला सेन्सर १६ जीपर्यंतच (गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट) मोजायचा. सुटताना झटका त्याहून मोठा बसला. आमच्या कोडमध्ये ‘तीन रीडिंग चुकली की सेन्सर बंद’ अशी अट होती. त्यामुळे सेन्सर बंद झाला आणि पॅराशूट उघडलंच नाही. तुमच्या कोडमध्ये अशी अट असेल तर आधी थोडं थांबून सेन्सर सावरतो का ते तपासा, शिवाय जास्त मर्यादेचा सेन्सर घ्या. इस्रोनेही टप्पा सोडवणारी यंत्रणा आणि निर्णयाची पद्धत दोन्ही बदलली. १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरं उड्डाण यशस्वी झालं, त्यात आझादीसॅट-२ होता.

नाशिकजवळ ओझरला विमानं बनवणाऱ्या एचएएल या सरकारी कंपनीला एसएसएलव्हीचं तंत्रज्ञान मिळाल्यापासून एक प्रश्न हमखास येतो: मग ओझरहून उडवणार का? नाही. जळालेले टप्पे खाली पडतात, त्यासाठी समुद्रच हवा. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी श्रीहरिकोट्याहून थेट दक्षिणेला जायचं तर श्रीलंका टाळायला वळसा पडतो आणि लहान रॉकेटला तेवढं इंधन परवडत नाही. म्हणूनच तमिळनाडूत कुलशेखरपट्टणमला नवा प्रक्षेपण तळ उभा राहतोय. नकाशा लावणार असाल तर त्यावर श्रीलंका नक्की दाखवा.