सुरगाणा-पेठकडून पेशंट नाशिकला आणताना

आमचं घर पेठ रोडला, माहेर सुरगाण्याकडे. त्यामुळे तिकडून कुणी ऑपरेशनला निघालं की पहिला फोन मला. हल्ली सीमेपलीकडच्या, गुजरातमधल्या धरमपूर, डांगकडचेही फोन येतात, आणि आपली माणसं तेवढ्याच सहजतेनं वलसाडला जातात. तातडीचं असेल तर जवळ पडेल तिथं जा, १०८ बोलवा. पण हर्निया, पित्ताचे खडे, गर्भपिशवी असलं ठरवून करायचं ऑपरेशन असेल, तर आधी कागद बघा, मग दवाखाना ठरवा.

सगळ्यात जास्त घोळ सुनांच्या कागदांचा. माहेर गुजरातचं, आधारवर तिकडचा पत्ता, रेशनकार्डात नाव अजून बापाकडेच. महात्मा फुले योजनेला, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेला, महाराष्ट्राचं रेशनकार्ड लागतं. पिवळं, केशरी, आता पांढरंही चालतं, पण त्यात तिचं नाव हवं. केंद्राचं आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. ‘योजनेतला दवाखाना’ एवढ्यावर मात्र गाडीत बसू नका. एखादा दवाखाना हृदयासाठी योजनेत असतो, हाडांसाठी नसतो. महात्मा फुलेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५ लावा आणि आजाराचं नाव सांगून विचारा. दवाखान्यात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडून मंजुरी आल्याची खात्री करून घ्या. तोवर कुणी डिपॉझिट मागितलं तर म्हणायचं, आरोग्यमित्रासमोर मागा. बहुतेकदा विषय तिथंच मिटतो.

हृदय, किडनी, कॅन्सरसाठी नाशिकच्या शालिमारचं सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आधी बघा. ‘चांगल्या डॉक्टरकडे नेतो’ म्हणणाऱ्या जीपवाल्याचं ऐकू नका. त्याचं कमिशन शेवटी तुमच्याच बिलातून निघतं.

आपल्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे. घरात कुणाला असेल तर पेशंटची तपासणी करूनच या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरला स्वतःहून सांगा. अंगातलं पाणी किंवा ऑक्सिजन कमी झाला, थंडी वाजली की त्या पेशी वाकड्या होऊन नसांत अडकतात. डॉक्टरला आधी कळलं तर तो तशी काळजी घेतो. लोक हे लपवतात, सोयरिकीच्या भीतीनं. भूल देणाऱ्याला कुठं सोयरीक जमवायचीय?

तारीख भाताची आवणी (लावणी) उरकल्यावर आणि भातकापणीच्या आधीची घ्या. हर्नियानंतर काही आठवडे ओझं उचलायचं नसतं, आणि घरी काम दिसलं की आपला माणूस बसत नाही. दिंडोरीच्या द्राक्षबागेत मजुरीला जाणार असाल तर मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

आदल्या संध्याकाळी नाशिकला पोचा. रक्त आणि सोनोग्राफी बऱ्याचदा उपाशीपोटी असते, आणि सकाळच्या गाडीनं निघालेला पेशंट घाटात वांती नको म्हणून काहीतरी खातोच. मग तो दिवस गेला.

निघताना डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख लिहून घ्या. टाके सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात काढता येतील का, हेही तिथंच विचारा, म्हणजे एक खेप वाचते. कार्डाचा फोटो आशाताईच्या मोबाईलवर टाका.