फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ट्रायलमध्ये जायचंय? पात्रता घालवणाऱ्या या चुका टाळा

क्लिनिकल ट्रायल (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) म्हणजे सगळं करून झाल्यावरचा शेवटचा उपाय, असा समज घट्ट बसलेला आहे. त्यामुळे चौथ्या स्टेजच्या रुग्णाचे नातेवाईक चौकशीला येतात तेव्हा दोन-तीन औषधं वापरून झालेली असतात आणि रुग्णाने अंथरूण धरलेलं असतं. पण कितीतरी ट्रायल अजून एकही उपचार न घेतलेल्या रुग्णांसाठीच असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेली चाचणी अशीच होती. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. नुसत्या जेफिटिनिब या गोळीवर आजार साधारण ८ महिने आटोक्यात राहिला, तर सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं दिल्यावर १६ महिने. मात्र या दुसऱ्या गटात दुष्परिणामही जास्त होते. या चाचणीत शिरायची वेळ उपचाराच्या सुरुवातीलाच होती, नंतर नव्हे.

"रिपोर्ट येईपर्यंत एक केमो देऊन टाकू"

पात्रता जाते ती सर्वांत जास्त इथे. पसरलेल्या आजारावर पहिला डोस गेला की उपचार न घेतलेल्यांसाठीच्या बहुतेक ट्रायलची दारं बंद होतात. दम फार लागत असेल, मानेच्या-चेहऱ्याच्या शिरा फुगल्या असतील किंवा पाठीच्या कण्यावर दाब असेल, तर थांबायचं नाही, उपचार आधी. पण रुग्ण हिंडता-फिरता असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: जनुकीय तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबलं तर काय धोका आहे?

इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांची, घाई आणखी महागात पडते. ती घेतल्यानंतर लगेच ईजीएफआरमधल्या बदलावर चालणारी ऑसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू केली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. ईजीएफआरचा रिपोर्ट हातात नसताना इम्युनोथेरपी सुरू करणं म्हणूनच टाळायला हवं, मग ट्रायलमध्ये जायचं असो वा नसो.

आधीचे उपचार मोजतानाही गोंधळ होतो. केमोनंतर पुढे चालू ठेवलेलं मेंटेनन्स औषध सहसा उपचाराचा वेगळा टप्पा धरत नाहीत. ऑपरेशननंतर दिलेली केमो मात्र, आजार सहा महिने ते वर्षाच्या आत उलटला तर, बऱ्याच ट्रायलमध्ये एक टप्पा म्हणून मोजली जाते. म्हणून प्रत्येक औषधाची पहिली आणि शेवटची तारीख लिहून ठेवा. शेवटच्या केमोनंतर साधारण ३ ते ४ आठवड्यांचं अंतर लागतं आणि ते तारखेवरूनच मोजतात.

बायोप्सीचा तुकडा संपवून टाकणे

ट्रायलला रिपोर्टचा कागद पुरत नाही, प्रत्यक्ष पेशी लागतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ ही जनुकं आणि पीडी-एल-१ हे प्रथिन अशा तपासण्या एकेक करून वेगवेगळ्या लॅबमध्ये केल्या की दर वेळी ब्लॉक नव्याने घासला जातो आणि शेवटी त्यात काही उरत नाही. म्हणून सगळी जनुकं एकाच वेळी पाहणारी पॅनेल तपासणी सुरुवातीलाच करता येईल का, हे विचारा. डिस्चार्ज घेताना ब्लॉक कुठे आहे, त्याचा नंबर काय, एवढं लिहून घ्या. आधीच कापून ठेवलेल्या स्लाइड ब्लॉकची जागा घेत नाहीत, कारण त्या फार दिवस राहिल्या तर पीडी-एल-१ सारखी तपासणी फसू शकते.

बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात पेशी बऱ्याचदा अपुऱ्या पडतात. हाडाचा तुकडा घेतला असेल तर तो मऊ करायला वापरलेल्या तीव्र आम्लाने डीएनए खराब होतो आणि जनुकीय रिपोर्ट बऱ्याचदा येतच नाही. दुसरी जागा उपलब्ध असेल तर हाडाला हात न लावलेलाच बरा. छातीतलं पाणी काढलं जाणार असेल तर ते टाकून देऊ नका. त्यातल्या पेशी गोळा करून त्यांचाही मेणाचा ठोकळा (सेल ब्लॉक) बनवता येतो, फक्त पाणी भरपूर आणि ताजं पाठवायला हवं.

टीबीच्या गोळ्या सांगायच्या राहून जाणे

आपल्याकडे हे सर्रास घडतं. एक्स-रेवर डाग दिसला, खोकला आहे, म्हणून थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही टीबीचा कोर्स सुरू होतो. पुढे निदान कर्करोगाचं होतं, पण गोळ्या चालूच राहतात. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला औषधं झपाट्याने मोडायला लावतं. ऑसिमर्टिनिब, जेफिटिनिब अशा गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे घसरतं आणि एएलके जनुकातल्या बदलावरची लॉरलॅटिनिब ही गोळी तर रिफाम्पिसिनसोबत द्यायचीच नसते. रिफाम्पिसिन थांबवल्यावरही हा परिणाम ओसरायला दोनेक आठवडे जातात. शिवाय सक्रिय टीबी असेल तर इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये घेत नाहीत.

मनानेच गोळ्या बंद करू नका. थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी झाली होती का, कोर्स कधी आणि कशाच्या आधारावर सुरू झाला, हे कागदांसह दाखवा. टीबी नसल्याचं पक्कं झालं तर डॉक्टर गोळ्या थांबवून पात्रतेची तारीख ठरवू शकतात. काढे, भस्मं, झाडपाल्याची औषधं यांचंही तेच: लपवू नका. यकृताचे आकडे वाढले तर कारण शोधण्यात स्क्रीनिंगचे, म्हणजे पात्रता तपासण्याचे, दिवस निघून जातात. पपनसदेखील काही गोळ्यांचं प्रमाण बिघडवतं.

रुग्णाची अवस्था फुगवून सांगणे

"सगळं स्वतःचं स्वतः करतात" असं नातेवाईक आशेपोटी सांगतात. डॉक्टर ईकॉग नावाची श्रेणी लावतात: ० म्हणजे पूर्वीसारखा धडधाकट, १ म्हणजे जड काम होत नाही, पण हलकं काम जमतं, २ म्हणजे काम जमत नाही, पण स्वतःचं आवरतो आणि जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-फिरून असतो, ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. बहुतेक ट्रायल ० आणि १ पुरत्याच असतात, काही २ पर्यंत घेतात. खोटं सांगून आत गेलेल्या रुग्णाला औषध झेपत नाही, हे त्याच्याच जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा अवस्था खालावण्याचं कारण शोधा. छातीतलं पाणी काढल्यावर, वेदना नीट आवरल्यावर २ चा १ झालेला दिसतो.

मोजता येणारी गाठच न उरणे

औषधाचा परिणाम मोजायला सीटी स्कॅनवर किमान १० मिलिमीटरची गाठ लागते. लिम्फ नोड असेल तर त्याची आडवी रुंदी १५ मिलिमीटर. छातीतलं पाणी मोजणीत धरत नाहीत. आधी शेक (रेडिएशन) दिलेली गाठ पुन्हा वाढली असेल तरच धरतात. एकच मोठी गाठ असेल आणि तिला शेक द्यायचं ठरत असेल, तर त्याआधीच ट्रायलचा विषय काढा. स्कॅनच्या फिल्मवर भागत नाही, सीडी घ्या.

मेंदूत गाठी आहेत म्हणून ट्रायलचा नाद सोडू नका. त्यांवर उपचार होऊन त्या काही आठवडे, बहुधा चार, स्थिर असतील तर अनेक ट्रायल घेतात. अडचण मेंदूच्या सुजेसाठी दिलेल्या स्टेरॉइडची असते. इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये प्रेडनिसोलोन रोज १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे डेक्सामेथासोन जेमतेम दीड मिलिग्रॅम. ते कमी करायला वेळ लागतो आणि एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

रक्त चढवून आकडा गाठणे

हिमोग्लोबिन ९, प्लेटलेट एक लाख, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १५०० हे नेहमीचे उंबरठे. तपासणीच्या आदल्या दिवशी रक्त चढवलं किंवा पेशी वाढवणारं इंजेक्शन दिलं तर तो आकडा बऱ्याच ट्रायल ग्राह्य धरत नाहीत, एक ते दोन आठवड्यांचं अंतर मागतात. रक्ताची गरज असेल तर चढवाच, तारीख मात्र सांगा.

पैसे देणे, सही घाईत करणे

ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या मोफत असतात. नाव नोंदवायला कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. १५ जून २००९ पासून भारतात प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद बंधनकारक आहे. तो क्रमांक मागा आणि तिथे भरती चालू आहे का पाहा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, एक प्रत स्वतःकडे ठेवा. रुग्णाला वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईचीही तरतूद आहे. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

नकार आलाच तर नेमक्या कोणत्या अटीवर आला ते लिहून मागा. प्लेटलेट ९२ हजारांवर अडल्या असतील तर आठवड्याने पुन्हा तपासता येतात आणि अनेक ट्रायल पुन्हा स्क्रीनिंग करू देतात. फक्त स्कॅनला साधारण २८ दिवसांची मुदत असते, म्हणून पुढची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्या.