मराठी वाचणाऱ्या मुलासाठी डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलियाची साधनं

डिस्लेक्सियावर, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीवर, मिळणारा बराचसा सल्ला इंग्रजी वाचनासाठी असतो. गोव्यातलं मूल मात्र अनेकदा घरी कोकणी बोलतं, शाळेत मराठी वाचतं आणि पाचवीत इंग्रजी माध्यमात जातं. म्हणून आधी डोळे-कान तपासून घ्या आणि मग देवनागरीत ते नेमकं कुठे अडतं ते पाहा. बसच्या पाट्या वाचायला सांगा. ‘पर्वरी’तला रफार डोळ्यांना ‘व’वर दिसतो, पण उच्चार आधी येतो, ‘म्हापसा’चं ‘महापसा’ होतं, ‘डिचोली’ लिहिताना वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. घ-ध, भ-म, थ-य या जोड्याही पाहा. आठवडाभर चुका वहीत टिपल्या की सराव कशाचा घ्यायचा ते आपोआप कळतं.

ओळ सुटत असेल तर काळ्या पुठ्ठ्याची खिडकी करा. पट्टी १८ × ६ सेंमी घ्या. पुस्तकातल्या रफाराच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंतचं अंतर मोजा, त्यात २ मिमी मिळवा. खिडकीची उंची तेवढीच ठेवा. इंग्रजीच्या मापाची तयार पट्टी इथे फसते: ती मात्रा किंवा उकार झाकते आणि मूल अंदाजाने वाचू लागतं. छापील मजकूर १६ ते १८ पॉइंटमध्ये, दीडपट ओळ-अंतराने, डावीकडे जुळवून काढा. रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. त्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही.

ऐकत वाचणं हा सगळ्यात मोठा आधार. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत निवडलेला मजकूर वाचून दाखवणारं ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करा, टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज डाउनलोड करा आणि वेग थोडा कमी ठेवा. आवाज हिंदीच राहिला तर ‘ळ’ आणि च-ज बिघडतात. जुन्या फॉण्टमधली पीडीएफ असेल तर फोन निरर्थक अक्षरं वाचतो. तेव्हा पानाचा स्क्रीनशॉट चित्रातला मजकूर ओळखणाऱ्या गूगल लेन्सला द्या. मुलाचं बोट शब्दावर आवाजाबरोबर सरकायला हवं, नाहीतर ते नुसतं ऐकणं होतं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोकणी गोष्टी पातळीनुसार फुकट मिळतात.

आकड्यांची अडचण, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, वेगळी आहे. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहितं, ‘एकोणसाठ’ ऐकून ६९. आधी ‘वीस सात’ म्हणू द्या, मग सत्तावीस. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात असंच वाचन आणलं, त्यावर गदारोळ झाला, या मुलांना मात्र त्याचा आधार होतो.) दहाच्या नोटा आणि एकाची नाणी वापरून २७ मांडायला लावा. चौकटीच्या वहीत एका चौकटीत एकच अंक. वजाबाकी पुढे मोजत करा: मासळीचा वाटा १५० चा, दिले २००, तर १५० वरून १६०, १७०, १८०, १९०, २०० असे पाच दहा, म्हणजे ५० परत. बोटांवर मोजण्यावरून कधीही रागावू नका.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया यांसारख्या अडचणी) येते. मूल्यमापन आणि प्रमाणपत्रासाठी बांबोळीच्या आयपीएचबीत (सरकारी मनोरुग्णालयात) चौकशी करा. परीक्षेतल्या सवलतींचं शाळेशी आठवी-नववीतच बोला. दहावीच्या अर्जांच्या घाईत कागद मागे पडतात.