लिनक्सवर कंपाइल करताना थ्रेडिंग लायब्ररी कशी निवडावी

थ्रेडिंग लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमचे काम अनेक थ्रेडमध्ये वाटून एकाच वेळी चालवणारी लायब्ररी. ‘कुठली लायब्ररी वेगवान?’ हा प्रश्न नंतरचा. आधी पाहायचे ते हे, की तुमच्या प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या इतर लायब्रऱ्या आधीच काय वापरतात. ओपनएमपीचे (लूप समांतर चालवण्याची पद्धत) दोन रनटाइम, म्हणजे चालताना थ्रेड सांभाळणाऱ्या लायब्रऱ्या, एकाच प्रोसेसमध्ये शिरले की पुढच्या बहुतेक कटकटी तिथून सुरू होतात. (पर्याय इथे देवनागरीत दिले आहेत; टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करावेत.)

सुरुवात पीथ्रेड या लिनक्सच्या मूळ थ्रेड लायब्ररीपासून. जीसीसी या कंपायलरला ‘-पीथ्रेड’ हा पर्याय कंपाइल आणि लिंक (तयार तुकडे जोडणे), दोन्ही वेळी द्या. ‘-एलपीथ्रेड’ फक्त लिंकरला लायब्ररीचे नाव सांगतो, आवश्यक मॅक्रो लावत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून पीथ्रेडचा कोड मुख्य सी लायब्ररीतच आहे, त्यामुळे पर्याय विसरला तरी नव्या यंत्रावर काम चालते. जुन्या सर्व्हरवर मात्र स्टँडर्ड थ्रेड वापरणारा सी++ प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होऊन चालवताक्षणी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणत कोसळू शकतो. परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नका, दोष लिंकिंगचा असतो. सीमेक या बिल्ड करणाऱ्या साधनात ‘थ्रेड्स’ पॅकेज शोधून तेच टार्गेटला जोडावे.

मोठे लूप समांतर चालवायचे असतील तर ओपनएमपी. इथे रनटाइम कंपायलरप्रमाणे ठरतो: जीसीसीचा लिबगॉम्प, क्लँगचा लिबऑम्प, इंटेलचा लिबआयऑम्प५. इंटेलची गणिती लायब्ररी एमकेएल जोडत असाल आणि कंपायलर जीसीसी असेल, तर एमकेएलचा जीएनयू थ्रेडचा थर निवडा. ‘एरर १५’ दिसली तर एकाच कुळातले दोन रनटाइम चढले आहेत, उदाहरणार्थ लिबआयऑम्प५ आणि लिबऑम्प. ती चूक गप्प करणारा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. तो लावू नका. प्रोग्रॅम चालेल, पण उत्तर चुकीचे येऊ शकते.

ओपनब्लास या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. डेबियनवर तिची सीरियल (एकाच थ्रेडची), पीथ्रेड आणि ओपनएमपी अशी तीन वेगळी पॅकेजेस मिळतात. तुमचा प्रोग्रॅम ओपनएमपीचा आणि ओपनब्लास पीथ्रेडची असेल, तर ८ कोअरच्या यंत्रावर प्रोग्रॅमचे ८ थ्रेड आणि लायब्ररीचा स्वतंत्र ताफा त्याच कोअरसाठी भांडतात, आणि सगळे एका थ्रेडपेक्षाही हळू चालू शकते. अशा वेळी ओपनएमपीची आवृत्ती घ्या; स्वतः बिल्ड करत असाल तर ‘यूज_ओपनएमपी=१’ द्या. मग समांतर भागातून बोलावल्यावर ओपनब्लास एकाच थ्रेडवर चालते. प्रोग्रॅम साध्या पीथ्रेडवर असेल तर ‘ओपनब्लास_नम_थ्रेड्स’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवणे सगळ्यात सोपे. आणखी एक: मूळ प्रोसेसने लिबगॉम्पचे थ्रेड एकदा सुरू केल्यावर फोर्क झाला (प्रोसेसची प्रत निघाली), तर मूल प्रोसेस पुढच्या समांतर लूपवर गोठू शकते. कोडमध्ये फोर्क असेल तर ओपनएमपीचे काम त्यानंतरच सुरू करा.

टीबीबी या सी++ थ्रेडिंग लायब्ररीची गरज बहुधा सी++१७ च्या समांतर अल्गोरिदमसाठी पडते. जीसीसी ९ पासून ते मिळतात, पण ‘-एलटीबीबी’ दिला नाही तर लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लावतो. हा पर्याय ऑब्जेक्ट फाइलींच्या नंतर लिहा, आधी लिहिलात तर उबुंटूवर तो दिल्यासारखा होतच नाही.

बिल्ड झाल्यावर बायनरीवर ‘एलडीडी’ (जोडलेल्या लायब्रऱ्यांची यादी देणारी आज्ञा) चालवून यादीत ‘ओएमपी’ शोधा. लिबगॉम्प, लिबऑम्प आणि लिबआयऑम्प५ यांपैकी एकच नाव दिसले पाहिजे. प्लगइन चालू असताना लोड होत असतील तर एलडीडीला ते कळत नाहीत. त्यासाठी प्रोसेस चालू ठेवून प्रॉक फाइलसिस्टिममधली तिची ‘मॅप्स’ फाइल पाहा.