रेडिएशनच्या काळात स्तनाची त्वचा कशी जपावी

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झाले की घरातून पहिली सूचना येते ती ‘तिथे पाणी लागू देऊ नकोस’ अशी. बोलीत या उपचाराला ‘शेक’ म्हणत असल्यामुळे ही भीती वाटत असावी. पण नाशिकच्या उन्हाळ्यात सिन्नर किंवा दिंडोरीहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या बाईच्या काखेत आणि स्तनाखालच्या घडीत जो घाम साचून राहतो, तोच त्वचेला अधिक बाधतो. म्हणून आंघोळ मुळीच थांबवू नये. कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा साबण तळहाताने हलकेच लावावा, घासणी वापरू नये आणि मऊ सुती कापडाने पाणी टिपून घ्यावे. किरणांची जागा दाखवण्यासाठी त्वचेवर शाईच्या खुणा केल्या असतील, तर त्या पुसू देऊ नयेत.

घर्षणाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही, याचे वाईट वाटते. कटोरी ब्लाउजची शिवण नेमकी स्तनाखालच्या घडीवर येते आणि घट्ट बाही काखेत काचते. त्याऐवजी सैल सुती गाऊन किंवा घरातला जुना, धुऊन मऊ झालेला सदरा घालावा. आतली शिवण टोचत असेल तर तो खुशाल उलटा घालावा.

बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा पातळसे लावावे. उपचाराच्या अगदी आधी जाड थर दिल्यास त्वचेच्या पृष्ठभागावरील किरणांची मात्रा वाढते. मोमेटासोनसारखे स्टिरॉइड मलम दाह कमी करते, हे अभ्यासांतून दिसले आहे, तेव्हा ते आपल्याला चालेल का, हे पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारावे. हळदीचा लेप, टाल्कम पावडर, गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ टाळावा. द्राक्षबागेत उन्हात काम करताना गळ्याखालचा भाग पदराने झाकावा.

उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतो. त्वचेच्या तळाच्या थरातील पेशींची वाढ मंदावल्याचा परिणाम वर दिसायला वेळ लागतो, त्यामुळे लाली साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येते आणि शेवटच्या दिवसानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकते. तोवर हीच काळजी चालू ठेवावी. त्वचा सोलून ओलसर झाली, पिवळा स्राव आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दाखवावे आणि जखम भरेपर्यंत रामकुंडातील स्नान टाळावे. उपचाराचा खाडा मात्र स्वतःच्या मनाने पाडू नये. थांबायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.